शिवारातील झाडे : नगावर मोजावी की घेरावर?

इमारती लाकडाचा व्यवहार ज्यांच्या घराण्यात चालत आला आहे अशा सभासद बंधूंना हे सांगावयास नको की, वखारीत ओंडका कधी नगावर विकत घेतला जात नाही. शंभर ओंडके आले एवढ्या बातमीवर कोणताही शहाणा व्यापारी भाव सांगणार नाही. तो फीत काढील, ओंडक्याच्या मध्यावरचा घेर मोजील, त्याचा चौथा हिस्सा करील, त्याचा वर्ग करून लांबीने गुणील आणि मग घनफुटाच्या भाषेत बोलेल. या ‘क्वार्टर गर्थ’ हिशेबाने खऱ्या घनफळाच्या सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच माल कागदावर येतो, हेही तो जाणून असतो. उरलेले साल, वाक आणि करवतीच्या भुशापोटी सोडलेले असते. तात्पर्य, तुटलेल्या झाडाच्या बाबतीत आपण फार चोख आहोत. उभ्या झाडाच्या बाबतीत मात्र ‘गावात इतकी झाडे आहेत’, ‘यंदा इतकी रोपे लावली’ एवढ्यावर आपले समाधान होते. हे असे का व्हावे, आणि जमिनीची प्रकृती ओळखण्यासाठी झाडे मोजावयाची तर ती कशी मोजावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय व्यापारी मंडळाच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. पाणीगेट हा जुन्या बडोदे शहराचा पूर्वेचा दरवाजा. तेथून बाहेर पडून आजव्याच्या किंवा वाघोडियाच्या रस्त्यास लागले की दुकाने, सोसायट्या व कारखाने मागे पडल्यानंतर कापूस, तूर, एरंडी आणि भात यांची शेते लागतात. या शेतांच्या शेढ्यांवर, म्हणजे आपण मराठीत ज्यास बांध म्हणतो त्यांवर, आंबा, रायण, मोह आणि कडुनिंब यांची मोठी झाडे उभी असत. काही आजही आहेत. आपल्या पेढ्यांवर येणारे धान्य, कापूस व तेलबिया अशाच जमिनीतून येतात. शहरास १८९२ पासून पाणी पुरविणारे आजव्याचे सयाजी सरोवरही याच दिशेस आहे. सबब जमिनीचे आरोग्य ही केवळ शेतकऱ्याच्या काळजीची बाब आहे असे मानून चालणार नाही.

शेतात पिकांबरोबर झाडेही राखण्याच्या या पद्धतीस आज वनशेती असे नाव मिळाले आहे. नाव नवे, रीत जुनी. बडोद्याचे जुने नाव वटपद्रक हे इ. स. ८१२ च्या ताम्रपटात आढळते. ज्या वस्तीस वडावरून नाव पडले तेथील लोकांना गाव आणि झाड यांचा संबंध कोणी शिकविण्याची गरज नव्हती. भारत सरकारने २०१४ मध्ये वनशेतीचे स्वतंत्र राष्ट्रीय धोरण जाहीर केले. झाशी येथे या विषयास वाहिलेली केंद्रीय संशोधन संस्था आहे, आणि नैरोबी येथील आंतरराष्ट्रीय संस्था १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून उष्ण कटिबंधातील वनशेतीचा अभ्यास करीत आली आहे. बडोदे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे आपणही त्याच कटिबंधाचे रहिवासी होत. आफ्रिकेतील किंवा जाव्हातील शेतकऱ्याचा अनुभव आपणांस अगदीच परका नाही.

आता मोजमापाकडे वळू. सर्वांत सोपे माप म्हणजे घनता, अर्थात एका हेक्टरात किती झाडे. आपल्याकडील विघा सुमारे साडेतेवीस गुंठ्यांचा धरला तर हेक्टरात सव्वाचार विघ्यांच्या आसपास येतात. ही घनता काढण्याची रीत अवघड नाही. ज्या शेताचे क्षेत्र सात-बाराच्या उताऱ्यावर लिहिलेले आहे त्या शेतातील सर्व झाडे मोजावी आणि क्षेत्राने भागावे. सामाईक बांधावरील झाड अर्धे धरावे, म्हणजे दोन शेजाऱ्यांच्या वहीत मिळून ते एकच होते. जेथे सलग बाग आहे तेथे १७ मीटर ८४ सेंटिमीटर लांबीची दोरी घ्यावी, एका खुंटाभोवती फिरावे. या वर्तुळाचे क्षेत्र एक हजार चौरस मीटर, म्हणजे हेक्टराचा दहावा हिस्सा असते. आतील झाडे मोजून दहाने गुणिले की घनता मिळाली. मात्र एका वर्तुळावर विसंबू नये. धान्याच्या पोत्याची वानगी आपण फक्त तोंडाशी पाहात नाही, सळई खोल खुपसून ठिकठिकाणचा दाणा काढतो. तसेच येथेही करावयाचे. रस्त्याकडेचा चांगला दिसणारा तुकडा निवडला तर हिशेब फसलाच म्हणून समजावे. विहिरीजवळचा, मधला, माळाकडचा असे सर्व प्रकारचे तुकडे वानगीत आले पाहिजेत.

लागवडीच्या अंतरावरूनही घनतेचा अंदाज चटकन येतो. दहा मीटर गुणिले दहा मीटर अंतरावर आंबे लाविले तर हेक्टरी शंभर; तीन गुणिले दोन मीटर अंतरावर निलगिरी लाविली तर हेक्टरी सोळाशे सहासष्ट; मीटर गुणिले मीटर अंतरावर लाविली तर दहा हजार. हे आकडे एकाखाली एक लिहून पाहिले म्हणजे घनतेच्या मापातील घोळ आपोआप ध्यानात येतो. दहा हजारांचा आकडा शंभराच्या आकड्याहून शंभरपट मोठा आहे. पण त्या जमिनीची प्रकृती शंभरपट चांगली आहे काय?

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, दोन शेते आहेत, दोन्ही एकेक हेक्टराची. पहिल्यात बारा झाडे: २२० सेंटिमीटर घेराचे पाच आंबे, १८० सेंटिमीटर घेराचे तीन मोह, १२० सेंटिमीटर घेराचे दोन कडुनिंब आणि २० सेंटिमीटर घेराची दोन कोवळी झाडे. दुसऱ्या शेताच्या बांधावर चहूबाजूंनी ३० सेंटिमीटर घेराच्या तीनशे निलगिरी. नगावर मोजले तर दुसरे शेत पहिल्याच्या पंचवीसपट श्रीमंत. आता घेर हिशेबात घेऊ. जमिनीपासून १ मीटर ३७ सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर, घेर मोजण्याचा आपल्या वनखात्याचा परिपाठ आहे. त्या घेराचा वर्ग करून १२.५७ ने भागले की खोड त्या उंचीवर आडवे कापल्यास जी चकती दिसेल तिचे क्षेत्र मिळते. शेतातील सर्व झाडांच्या अशा चकत्यांची बेरीज करावी. पहिल्या शेताची बेरीज येते सुमारे २.९३ चौरस मीटर. दुसऱ्याची सुमारे २.१५. बारा झाडांनी तीनशेंना मागे टाकले. एकटा २२० सेंटिमीटरचा आंबा ३० सेंटिमीटरच्या चोपन्न निलगिरींच्या बरोबरीचा ठरतो. कारण उघड आहे: घेर सातपट झाला की छेदाचे क्षेत्र सातपट नव्हे, एकोणपन्नासपट होते. नाण्यांच्या थैलीतील नाणी मोजून कोणी शिल्लक लिहीत नाही, नाण्यावरील किंमत पाहतो. तसेच हे आहे.

आमराईसारख्या दाट जागी ही बेरीज एकेक झाडास फीत न लावताही काढता येते. वॉल्टर बिटरलिख या ऑस्ट्रियन वनाधिकाऱ्याने १९४८ मध्ये ही युक्ती प्रसिद्ध केली, आणि ती इतकी साधी आहे की प्रथम ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. एक मीटर लांबीच्या दोरीच्या टोकास दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी बांधावी. दोरीचे दुसरे टोक डोळ्याशी धरून एका जागी उभे राहावे आणि गोल फिरत प्रत्येक खोडाकडे पट्टीआडून पाहावे. जे खोड पट्टीपेक्षा रुंद दिसेल ते मोजावे, जे पट्टीआड झाकले जाईल ते सोडावे. जितकी खोडे मोजली तितके चौरस मीटर दर हेक्टरी छेदक्षेत्र. अठरा मोजली तर अठरा. जाड झाड लांबूनही पकडले जाते, बारीक झाड जवळ असेल तरच. म्हणून आकार आणि संख्या दोहोंचा हिशेब एकाच नजरेत होतो. विरळ झाडांच्या शेतात मात्र या पट्टीत बहुधा एकही झाड सापडत नाही. तेथे सात-बारा आणि फीत हेच खरे.

‘झाड’ म्हणावयाचे कशास, हा प्रश्नही वाटतो तितका बाळबोध नाही. २०१५ मध्ये टॉमस क्राउथर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या चार लाखांहून अधिक नमुना-तुकड्यांतील घनतेच्या नोंदी एकत्र करून पृथ्वीवर सुमारे तीन लाख चार हजार कोटी झाडे आहेत असा अंदाज प्रसिद्ध केला. त्यात छातीच्या उंचीवर दहा सेंटिमीटर व्यासाहून बारीक असलेले खोड झाडात धरलेलेच नाही. दहा सेंटिमीटर व्यास म्हणजे सुमारे साडेएकतीस सेंटिमीटर घेर. या नियमाने आपल्या उदाहरणातील दुसऱ्या शेतात तीनशे झाडे नाहीत, एकही नाही! आणि पहिल्यातही बाराऐवजी दहाच. म्हणून कोणीही झाडांचा आकडा सांगितला की किती जाडीपासून पुढचे झाड मोजले, हे आधी विचारावे.

गुजरात राज्याने १९६९-७० पासून सामाजिक वनीकरणाचे काम हाती घेतले. रस्त्यांच्या आणि कालव्यांच्या कडेने झाडे उभी करण्यात हे राज्य अग्रेसर होते. त्याआधी १९५० मध्ये कन्हैयालाल मुनशी यांनी केंद्रात अन्न व शेती खात्याचे मंत्री असताना वनमहोत्सव सुरू केला. मुनशी हे बडोदे कॉलेजचे विद्यार्थी, हे आपल्या वाचकांस स्मरत असेलच. या उपक्रमांचे श्रेय कोणी नाकारू नये. पण त्यांच्यामागून लावलेल्या रोपांचे आकडे सांगण्याची एक सवय आपल्याला लागली ती लागलीच. पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गुजरातच्या शेतकऱ्यांनी निलगिरीची लागवड फार मोठ्या प्रमाणावर केली. वाशांना आणि बल्ल्यांना चांगला भाव होता, मजूर कमी लागत, झाड लवकर तयार होई. मग सर्वांचा माल एकदम बाजारात आला, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भाव कोसळले, आणि अनेकांनी निलगिरी उपटून पुन्हा पीक धरले. पुरवठा वाढला की भाव पडतो हा धडा व्यापाऱ्यास नवा नाही. प्रस्तुत विषयापुरते लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की त्या काळात अशा शेतांची घनता आधी कमालीची वाढली आणि मग कमालीची घटली. जमिनीची प्रकृती त्या आकड्याबरोबर वर गेली नाही आणि खालीही आली नाही.

राज्याचे वनखाते अरण्यक्षेत्राबाहेरील झाडांची गणना काही वर्षांच्या अंतराने करीत असते. २००३ च्या गणनेत ही झाडे सुमारे २५ कोटी १० लाख होती. २०२१ च्या गणनेत ती ३९ कोटी ७५ लाखांवर गेली. आपल्या शेजारचा आणंद जिल्हा या घनतेत आघाडीवर असतो. चरोतरच्या बांधांवरून ज्यांचे जाणेयेणे आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. ही वाढ खरी आहे आणि समाधानाची आहे. पण २०२४ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून भारतातील शेतांमधील मोठ्या झाडांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचे चित्र निराळे आहे. त्यांनी सुमारे साठ कोटी झाडे एकेक करून नकाशावर मांडली. २०१०-११ च्या सुमारास दिसलेल्या मोठ्या झाडांपैकी, म्हणजे ज्यांचा माथा सरासरीने शंभर चौरस मीटरांच्या जवळपास पसरलेला होता अशांपैकी, सुमारे अकरा टक्के २०१८ पर्यंत नाहीशी झाली. २०१८ ते २०२२ या चार वर्षांत आणखी पन्नास लाखांहून अधिक मोठी झाडे गेली. महाराष्ट्र व तेलंगण यांच्या काही भागांत निम्म्यापर्यंत झाडे गेल्याचे त्यात आढळले. कारणांची चौकशी करता, कूपनलिकांच्या पाण्यावर भाताची खाचरे वाढविणे आणि सावलीने पीक मारले जाते ही समजूत, ही दोन कारणे पुढे आली.

या दोन आकड्यांत विरोध आहे असे वरवर वाटते; वस्तुतः तो नाही. गणना एका राज्याची, अभ्यास देशाचा. गणना उभी असलेली लहानमोठी झाडे मोजते. त्या अभ्यासाने फक्त गेलेली मोठी झाडे मोजली, नवी लागवड त्यात वजा-जमा केलेली नाही. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. जमेच्या बाजूस चिल्लर येत आहे आणि खर्चाच्या बाजूस जुने भांडवल जात आहे, अशी वही डोळ्यांपुढे आणावी. नगांची बेरीज पाहणाऱ्यास ती भरभराटीची दिसेल.

मोठ्या झाडाचे काम लहान झाडे मिळून करू शकत नाहीत काय? काही अंशी करतात. पण जुन्या मोहाच्या किंवा आंब्याच्या ढोलीत पोपट व घुबडे राहतात, तशी ढोली निलगिरीच्या वाशात नसते. आणि हीच घुबडे शेतातील उंदीर खातात. जुन्या झाडाखाली वर्षानुवर्षे पडलेल्या पाल्याने माती काळी व भुसभुशीत होते. वैशाखात गुरे व माणसे ज्या सावलीत बसतात ती सावली पाच वर्षांच्या रोपाची नसते. मोहाची फुले व टोळी, रायणीची फळे, यांवर गरीब घरांचा काही काळ निभावतो. आपल्यापैकी ज्यांनी मोहाच्या बियांचा, म्हणजे डोळीचा, व्यापार पाहिला आहे त्यांना हे ठाऊक आहे.

तथापि याचा अर्थ जितकी झाडे तितके बरे असा काढणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. झाडाच्या सावलीत आणि मुळांच्या पट्ट्यात पीक कमी येते, हे शेतकऱ्याचे म्हणणे खोटे नव्हे. पाण्याच्या बाबतीत तर फार उद्बोधक संशोधन झाले आहे. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात सापोने नावाच्या परिसरात शेतांतून शिया नावाची तेलबियांची झाडे विखुरलेली असतात. आपल्या मोहाच्याच कुळातले हे झाड. तेथील मोजमापांवरून २०१६ मध्ये असे दाखविण्यात आले की, वर्षातील काही महिनेच पाऊस पडणाऱ्या उष्ण प्रदेशात झाडे अगदी नसली तर पावसाचे पाणी जमिनीत नीट मुरत नाही, आणि फार दाट असली तर मुरलेले पाणी झाडेच पिऊन टाकतात. भूजलास सर्वाधिक पाणी मिळते ते मधल्या घनतेत. विखुरलेल्या झाडांची मुळे व पाल्यावर जगणारे कृमिकीटक मातीत वाटा पाडतात, त्या वाटांनी पाणी खाली उतरते, आणि हा लाभ झाडाच्या माथ्याबाहेरही काही अंतरापर्यंत पोहोचतो. आपल्याकडील पाऊसही चार महिन्यांचाच. मात्र तेथील आकडा उचलून जसाच्या तसा वाघोडियाच्या काळ्या जमिनीस लावू नये. माती निराळी, झाड निराळे, पीकही निराळे. घ्यावयाचा तो विचार: घनता हे ‘जास्त म्हणजे चांगले’ असे माप नाही. नाडीप्रमाणे ते अति मंद असणे जसे वाईट तसे अति जलद असणेही वाईट.

घनता सोडून द्यावी, असेही मी सुचवीत नाही. घेराची बेरीज जे सांगत नाही ते घनता सांगते. पहिल्या शेतातील बारा झाडांचा हिशेब पुन्हा पाहावा. दहा मोठी, कोवळी फक्त दोन. आंबे व मोह म्हातारे झाले की त्यांची जागा घेणारे शेतात जवळजवळ कोणी नाही, आणि हे छेदक्षेत्राच्या आकड्यावरून मुळीच कळत नाही. कोवळ्या दोन झाडांचा त्यात वाटा नगण्य आहे. उलट निरोगी शिवारात बारीक झाडे पुष्कळ, मध्यम त्याहून कमी आणि थोर त्याहूनही कमी अशी उतरंड असावयास हवी. त्यासाठी घेराप्रमाणे प्रतवारी करून प्रत्येक प्रतीची घनता वेगळी मांडावी लागते: ३० सेंटिमीटरपर्यंत, ३० ते ९०, ९० ते १५०, आणि त्यापुढील. जातवारी त्याच्या शेजारी लिहावी. सर्व झाडे एकाच जातीची असली तर एकाच किडीने किंवा एकाच वर्षाच्या मंदीने सारा शेढा उघडा पडतो.

पुष्कळ सभासद कुटुंबांची वडिलोपार्जित जमीन आजही गावी आहे, कोणी शहराबाहेर नवीही घेतली आहे. तेथे अशी नोंदवही ठेवणे एका सुट्टीच्या दिवसाचे काम आहे. मुलांना बरोबर न्यावे, फीत धरणारा एक व लिहिणारा एक लागतोच. होळीनंतरचे दिवस सोईचे. रब्बीचे पीक निघालेले असते आणि बांधावर चालता येते. छातीच्या उंचीखाली खोड दुभागले असेल तर दोन खोडे वेगळी मोजून झाड मात्र एकच लिहावे. वडाच्या पारंब्यांबाबत हाच नियम पाळावा, नाही तर भरूचजवळच्या कबीरवडासारख्या एका झाडाचे वहीत जंगल होईल. प्रत्येक मोठ्या झाडास अनुक्रमांक द्यावा. नंतर रकाने पाडावे: जात, घेर, माथ्याची रुंदी, ठिकाण, ढोली असल्यास तीही. पाच वर्षांनी तीच वही घेऊन त्याच क्रमाने फिरावे. आणि शेवटचा एक रकाना आजच कोरा सोडून ठेवावा. त्यात, जे झाड जागेवर सापडणार नाही त्याच्या क्रमांकापुढे ते कोणत्या वर्षी व कशाने गेले ते लिहावयाचे: वाऱ्याने, वाळवीने, रस्ता रुंद करताना, की विकले; आणि विकले असल्यास किती घनफुटांस.